हा आजार माहेरकडून आला का?

मागच्या अंकात मुलांच्या स्नायूंमध्ये होणाऱ्या कर्करोगावर (रॅब्डोमायोसार्कोमा, थोडक्यात ‘रॅब्डो’) मी एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्यात ‘गाठीची जनुकीय तपासणी करून घ्या’ असं एक वाक्य होतं. बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावरच आली. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. मुलांच्या गाठी तपासून निदान लिहिणं हे माझं रोजचं काम. पत्रावरून कुणाचा उपचार मी ठरवणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा अधिकार. पण रिपोर्टातल्या ओळींचा अर्थ सांगणं मला जमतं, तेवढं करते. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

“माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या पोटरीत गाठ आली. रिपोर्टमध्ये ‘ॲल्व्हिओलर रॅब्डोमायोसार्कोमा, फॉक्सओ-१ फ्यूजन पॉझिटिव्ह’ असं आहे. डॉक्टर म्हणाले, हा जीनमधला बिघाड आहे. तेव्हापासून सासरी सगळे म्हणतात, आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं, हे तुझ्या माहेरकडून आलं. माझ्या मावशीला साठीनंतर कॅन्सर झाला होता. खरंच माझ्यामुळे झालं का?” – एक आई, सांगली जिल्हा

नाही, ताई. तुमच्यामुळे झालेलं नाही.

तुमच्या मुलाच्या एका पेशीत दोन गुणसूत्रं तुटली आणि तुटलेली टोकं पुन्हा जुळताना चुकीची जुळली. या आजारात बहुतेक वेळा २ आणि १३ क्रमांकाची गुणसूत्रं असतात, काही मुलांत १ आणि १३. तेराव्यावरचा फॉक्सओ-१ हा जनुक दुसऱ्यावरच्या पॅक्स-३ला किंवा पहिल्यावरच्या पॅक्स-७ला चिकटतो. पॅक्स-३ हा मुळात कामाचा जनुक आहे. गर्भ वाढत असताना स्नायू होणाऱ्या पेशींना हातापायांकडे जायला तोच लावतो. फॉक्सओ-१शी जोडला गेला की तो थांबत नाही आणि त्या पेशी ना धड स्नायू होतात, ना वाढायच्या थांबतात. हा जोड (रिपोर्टातलं ‘फ्यूजन’) गाठीच्या पेशींपुरताच असतो. तुमच्या किंवा मुलाच्या वडिलांच्या रक्तात तो सापडणार नाही, भावंडांत उतरणार नाही, पुढे मुलगा मोठा होऊन त्याला मुलं झाली तर त्यांच्यात जाणार नाही.

रिपोर्टातली ती ओळ कशी लिहिली जाते तेही सांगते, कारण तुमचं उत्तर तिथेच आहे. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाची खोली आम्ही अंधारी ठेवतो. काचपट्टीवर गाठीचा केसाहूनही कितीतरी पातळ पापुद्रा असतो. फॉक्सओ-१ जनुकाच्या एका बाजूला लाल रंग चिकटवलेला असतो, दुसऱ्या बाजूला हिरवा. पेशीचं केंद्रक निळं दिसतं आणि त्यात हे ठिपके चमकतात. जनुक धड असेल तर लाल आणि हिरवा बिलगून असतात, कधी एकावर एक येऊन पिवळे दिसतात. तुटला असेल तर लाल एकीकडे आणि हिरवा भलतीकडे. मी एकेक पेशी मोजत जाते. एक जोडी शाबूत, एक फुटलेली, असं पेशीमागून पेशीत दिसायला लागलं की निदान पक्कं होतं. आणि त्याच काचेवर, गाठीत शिरलेल्या रक्तवाहिनीच्या भिंतीत, तुमच्या मुलाच्या निरोगी पेशीही असतात. त्यांच्यात दोन्ही जोड्या शाबूत असतात. बिघाड तुमच्याकडून आला असता तर तो त्या पेशींतही दिसला असता.

गरोदरपणी तुम्ही काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, कुठे पडलात, यांपैकी कशाचाही या तुटण्याशी संबंध नाही. साठीनंतर मावशीला झालेला कॅन्सरही इथे मोजायचा नाही. त्या वयात तो अनेक घरांत होतो. हे पान सासूबाईंना वाचून दाखवा, एका डॉक्टरबाईंनी लिहिलंय म्हणून सांगा. तुम्हाला आता केमोथेरपीचे बरेच महिने काढायचे आहेत आणि त्यात घरच्यांचा हात लागणार आहे.

डॉक्टरांनी ही तपासणी का करून घेतली, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. पूर्वी आम्ही गाठ कशी दिसते यावर निदान करायचो. मुलांच्या बऱ्याच कर्करोगांच्या पेशी लहान, गोल, निळ्या दिसतात आणि एकमेकींत मिसळून जातात. १९९३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पॅक्स-३ आणि फॉक्सओ-१चा हा जोड शोधून काढला. २०१० सालापर्यंत आणखी एक गोष्ट पुढे आली: सूक्ष्मदर्शकाखाली ‘ॲल्व्हिओलर’ दिसणाऱ्या पण हा जोड नसलेल्या गाठी दुसऱ्या, म्हणजे एम्ब्रियोनल जातीसारख्या वागतात, त्या मानाने सौम्य. म्हणजे दिसण्यावरून काही मुलांना गरजेपेक्षा जास्त औषध दिलं जात होतं. आता जोड आहे की नाही यावर औषधाची तीव्रता ठरते. या तपासणीत एक उणीव आहे. फॉक्सओ-१ तुटलाय एवढंच ती सांगते, तो पॅक्स-३ला जोडलाय की पॅक्स-७ला ते सांगत नाही. त्यासाठी आरटी-पीसीआर किंवा आरएनए सिक्वेन्सिंग लागतं. तुमच्या रिपोर्टात तो तपशील नाही; डॉक्टरांना त्याची गरज वाटली तर त्याच नमुन्यावर करता येईल.

“नऊ वर्षांच्या मुलीला पॅक्स-३–फॉक्सओ-१ वाला रॅब्डो आहे. मोबाइलवर व्हिडिओ आला. परदेशात एका बाळाच्या हातावरची मोठी गाठ तोंडाने द्यायच्या औषधाने विरघळली, केमो लागली नाही. तेच औषध मागितलं तर डॉक्टर म्हणाले, उपयोग नाही. आम्ही गरीब म्हणून टाळतात का? चार एकर आहे, विकायची तयारी आहे.” – एक वडील, निफाड

दादा, जमीन विकू नका. डॉक्टरांनी तुम्हाला खरं सांगितलं आहे.

व्हिडिओतल्या बाळाला बहुधा इन्फंटाइल फायब्रोसार्कोमा असावा. तोही मऊ ऊतींचाच कर्करोग, बहुतेक वेळा वर्षाच्या आतल्या बाळांना होणारा. त्याच्यातही दोन जनुक चिकटलेले असतात, पण ते वेगळे: ईटीव्ही-६ आणि एनटीआरके-३. कॅनडात व्हँकुव्हरच्या संशोधकांनी १९९८ साली तो जोड शोधला. त्यातून जे प्रथिन बनतं ते किनेज जातीचं. अशा प्रथिनाला एक खाच असते, तिथे ऊर्जेचा रेणू येऊन बसतो आणि प्रथिन कामाला लागतं. लॅरोट्रेक्टिनिब हे औषध नेमकं त्या खाचेत बसतं आणि काम थांबतं. २०१८ साली त्याचे पहिले मोठे निकाल छापून आले: ४ महिन्यांच्या बाळापासून ७६ वर्षांच्या माणसापर्यंत ५५ रुग्ण, कर्करोग सतरा तऱ्हांचे, पण सगळ्यांत एनटीआरके कुटुंबातला जोड. त्यांतल्या ७५ टक्क्यांच्या गाठी आक्रसल्या. मुलांच्या वेगळ्या अभ्यासात असा जोड असलेल्या १५ मुलांपैकी १४ जणांना गुण आला. हात किंवा पाय कापावा लागेल अशी वेळ आलेल्या काही बाळांचे अवयव वाचले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने मंजुरी दिली, आणि तीही ‘अमुक अवयवाच्या कर्करोगासाठी’ अशी नव्हे. एनटीआरकेचा जोड असलेली कर्करोगाची गाठ, मग ती कुठेही असो. माझ्या क्षेत्रातली ती मोठी घटना होती. अशा गाठीचा रिपोर्ट लिहिताना आता मला वाटतं की आपण लिहितोय त्या ओळीवर या बाळाचा हात टिकणार आहे.

तुमच्या मुलीच्या गाठीत एनटीआरकेचा जोडच नाही. तिच्या गाठीतलं प्रथिन थेट डीएनएवर जाऊन बसतं. कुठे बसायचं ते त्याचा पॅक्स-३ वाला अर्धा भाग शोधतो आणि आजूबाजूचे जनुक चालू ठेवायची ताकद फॉक्सओ-१ वाला अर्धा भाग पुरवतो. औषध बसेल अशी खाच त्याला नाही. घरात चुकीच्या कुलपाची किल्ली कितीही महागाची आणली तरी दार उघडत नाही, तसं होईल, आणि मधल्या काळात ज्या केमोथेरपीने गुण येतो ती लांबेल. हे औषध अमेरिकेत आलं तेव्हा मुलांच्या पातळ औषधाची किंमत महिन्याला सुमारे ११,००० डॉलर होती. तुमचे चार एकर गेले असते आणि मुलीला काही मिळालं नसतं.

या जोडावर संशोधन होत नाही असं मात्र समजू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जावेद खान आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं याच मुलांच्या गाठींच्या मागे आहेत. २०१७ साली त्यांच्या गटाने दाखवलं की पॅक्स-३–फॉक्सओ-१ एकटा काम करत नाही, त्याला बीआरडी-४ नावाच्या मदतनीस प्रथिनाची गरज लागते. मुख्य आरोपीला हात लावता येत नसेल तर साथीदाराला धरायचं, असा तो मार्ग. दुसरा मार्ग रोगप्रतिकारक पेशींचा. हे जोडप्रथिन एफजीएफआर-४ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचं उत्पादन वाढवतं आणि ते पेशीच्या बाहेरच्या अंगाला असतं, म्हणून त्याच्यावर नेम धरणाऱ्या कार-टी पेशी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी प्रयोगशाळेत बदलून केलेल्या) तयार केल्या जात आहेत. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी २०२० साली एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. रॅब्डो अस्थिमज्जेपर्यंत पसरला होता, आणि हर-२ या खुणेवर नेम धरणाऱ्या कार-टी पेशींनंतर आजार दिसेनासा झाला. पण ते एक मूल आहे. एका मुलावरून उपचार ठरत नाही, आणि यातलं काहीही आज तुमच्या मुलीसाठी डॉक्टर लिहून देऊ शकतील अशा टप्प्यावर नाही.

कागदावर चांगली दिसणारी कल्पना मुलांत चालेलच असंही नसतं. टेम्सिरोलिमस या औषधाकडून आम्हा सगळ्यांना आशा होती. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ते नेहमीच्या केमोथेरपीला जोडून दिलं गेलं. २०२४ साली निकाल आला: फायदा झाला नाही. मला तो निकाल वाचून फार वाईट वाटलं. तरी एवढ्या मुलांनी भाग घेतला म्हणून पुढच्या मुलांना हे जादा औषध सोसावं लागणार नाही.

आता तुमच्या डॉक्टरांना विचारण्यासारखी एक गोष्ट. ठरलेली केमोथेरपी संपल्यावर आणखी सहा महिने सौम्य उपचार चालू ठेवायचा, असा युरोपात अभ्यास झाला. व्हिनोरेल्बिनची सुई आणि रोज सायक्लोफॉस्फमाइड तोंडाने. जोखीम जास्त पण आजार दूर न पसरलेल्या मुलांत पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ७३.७ टक्क्यांवरून ८६.५ टक्क्यांवर गेलं. २०१९ साली हे छापून आलं. ही जुनी औषधं आहेत, लॅरोट्रेक्टिनिबसारखी आवाक्याबाहेरची नाहीत. तुमच्या मुलीला ती लागू पडतात का, एवढाच प्रश्न विचारा. पैशांसाठी आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. मुंबईत राहण्याचा प्रश्न असेल तर परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा याच कामासाठी आहेत.

“भाच्याच्या मांडीतली गाठ इथे काढली. टाटाला गेलो तर ते म्हणतात ब्लॉक आणा. आमच्याकडे फक्त रिपोर्ट आणि दोन काचा. ब्लॉक म्हणजे काय आणि तो कसा न्यायचा?” – एक मामा, अकोला

गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पक्का करून मेणात बसवतात. प्लॅस्टिकच्या लहान जाळीदार डबीला चिकटलेला तो मेणाचा चौकोन म्हणजे ब्लॉक. त्यावर नंबर असतो. तो तुमच्या रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून घ्या. काचेवर एकच पापुद्रा असतो, जनुकीय तपासणीला अनेक पापुद्रे लागतात, म्हणून ब्लॉक मागतात. जिथे तपासणी झाली त्या लॅबमध्ये रिपोर्ट आणि ओळखपत्र घेऊन जा. सही घेऊन ब्लॉक देतात. एकाहून जास्त ब्लॉक असतील तर गाठ सगळ्यात जास्त कशात आहे ते तिथल्या डॉक्टरांना विचारा आणि तो आधी मागा.

नेताना उन्हापासून जपा. हे मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, आणि मे महिन्यात अकोल्यात बंद गाडीच्या काचेखाली ठेवलं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. लहान डबीत कापूस घालून, हातातल्या पिशवीत ठेवा. फ्रीज किंवा बर्फ लागत नाही.

हे वाचणाऱ्या सर्जन आणि लॅबवाल्या मित्रांनाही एक विनंती करते. गाठ सलाइनमध्ये किंवा नुसत्या तीव्र फॉर्मॅलिनमध्ये घालून आठवडाभर कपाटात ठेवली तर तिच्यातलं आरएनए आमच्या हाती फुटून येतं. १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन, भरपूर, आणि एक-दोन दिवसांत पुढची प्रक्रिया. हाडाचा किंवा अस्थिमज्जेचा तुकडा मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर जनुकीय तपासणी बहुधा हातची गेलीच. ईडीटीएला वेळ लागतो पण नमुना टिकतो. आणि मुलाची खोलवरची, वाढत जाणारी, न दुखणारी गाठ असेल तर ती सरळ काढून टाकण्याआधी सुईने तुकडा घेऊन पाहा. अर्धवट निघालेल्या गाठी माझ्या टेबलावर आजही येतात, आणि त्या मुलांना पुन्हा शस्त्रक्रिया सोसावी लागते.

“एका दवाखान्याची जाहिरात पाहिली. जीन थेरपीने सार्कोमा मुळापासून बरा, केमोची गरज नाही, तीन लाख रुपये. घ्यावी का?” – एक वाचक, पिंपरी

घेऊ नका. रॅब्डोमायोसार्कोमासाठी मंजूर झालेली जीन थेरपी जगात कुठेही नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली आणि २०२३ साली भारतात मंजूर झालेली कार-टी थेरपी विशिष्ट रक्तकर्करोगांसाठी आहे. खरी चाचणी असेल तर तिची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’वर असते, नंबर विचारा. आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागत नाहीत. केमोथेरपी मध्येच सोडली तर आजार उलटतो, आणि उलटलेला रॅब्डो आवरणं फार अवघड असतं.

“बहिणीला ३१व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. आता तिच्या दोन वर्षांच्या मुलाला रॅब्डो, रिपोर्टात ‘ॲनाप्लास्टिक’ लिहिलंय. आमची आई चाळिशीच्या आत मेंदूच्या गाठीने गेली. मला पाच वर्षांची मुलगी आहे. आम्ही तपासून घ्यावं का? तपासलं तर धाकट्या बहिणीची सोयरीक मोडेल असं वडील म्हणतात.” – एक वाचक, रत्नागिरी

तुमचं पत्र वाचून मी त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला बसले, कारण सांगलीच्या ताईंना जे सांगितलं ते तुम्हाला सांगता येत नाही. तुमच्या घरात तपासणी व्हायला हवी.

१९६९ साली अमेरिकेतल्या फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्राउमेनी यांनी रॅब्डो झालेल्या ६४८ मुलांच्या नोंदी चाळल्या. त्यांना चार घरं अशी सापडली जिथे भावंडांना किंवा चुलत भावंडांनाही सार्कोमा (स्नायू, हाडं अशा ऊतींचा कर्करोग) झाला होता आणि तरुण आयांना, मावश्यांना, आत्यांना स्तनाचा कर्करोग. अशा घरांतला बिघाड टीपी-५३ या जनुकात असतो हे १९९० साली कळलं. तो गाठीपुरता नसतो. जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो, रक्तात सापडतो आणि आईकडून किंवा वडिलांकडून येऊ शकतो. तुमच्या पत्रातल्या तिन्ही गोष्टी, तरुणपणी स्तनाचा कर्करोग, लहान मुलातला ॲनाप्लास्टिक (म्हणजे पेशींची केंद्रकं फार मोठी आणि बेढब दिसणारा) रॅब्डो आणि कमी वयात मेंदूची गाठ, त्याच दिशेने बोट दाखवतात. तरी रक्त तपासल्याशिवाय मी खात्रीने काही म्हणणार नाही.

क्रम असा ठेवा. आधी भाच्याचं किंवा बहिणीचं रक्त, तेही आनुवंशिक समुपदेशकाशी बोलून. तिथे बिघाड सापडला तरच तुमचं. तुमच्यात नसेल तर तुमच्या मुलीला तो तुमच्याकडून येणारच नाही, विषय संपला. तुमच्यात असेल तर तिला येण्याची शक्यता निम्मी. असला तरी कर्करोग होतोच असं नाही, पण पाळत ठेवता येते: टोरांटोच्या डॉक्टरांनी बसवलेल्या पद्धतीत दरवर्षी पूर्ण शरीराचा एमआरआय, दर तीन-चार महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, ठरावीक तपासण्या. लवकर सापडलेल्या गाठींमुळे माणसं वाचतात हे त्या अभ्यासांत दिसलं आहे. भाच्याच्या डॉक्टरांना हे आजच सांगा, कारण असा बिघाड असेल तर रेडिएशनने नवीन कर्करोगाचा धोका वाढतो आणि ते देताना दोनदा विचार करतात.

वडिलांची काळजी मला कळते. रिपोर्ट गोपनीय असतो, तो कुणाला दाखवायचा ते तुमची धाकटी बहीण ठरवेल. पण हा बिघाड तिच्यात असेल तर स्तनाची तपासणी विशीपासून सुरू करायची असते. ती लग्न ठरेपर्यंत थांबवून ठेवणं मला मान्य नाही.

“तेरा वर्षांच्या मुलीच्या गाठीचा उरलेला नमुना संशोधनाला देणार का, असं विचारून हॉस्पिटलने संमतीपत्र दिलंय. तिच्या उपचारात त्याने काही फरक पडेल का? सही करू का?” – एक आई, ठाणे

तिच्या उपचारात बहुधा फरक पडणार नाही, ना चांगला ना वाईट. हे स्पष्ट कळलेलं असावं. फरक नंतरच्या मुलांना पडतो. हा आजार मुलांच्या एकूण कर्करोगांत तीन-चार टक्केच, त्यामुळे कुठल्याच एका हॉस्पिटलकडे पुरेशा गाठी जमत नाहीत. २०२१ साली अमेरिका आणि ब्रिटनच्या गटांनी ६४१ रुग्णांच्या साठवलेल्या गाठी एकत्र तपासल्या, तेव्हा एमवायओडी-१ किंवा टीपी-५३ हा जनुक बिघडलेल्या गाठी जास्त आडदांड वागतात हे ठामपणे दिसलं. आता नव्या चाचण्यांत अशा मुलांना ‘कमी जोखीम’ म्हणून हलका उपचार देत नाहीत. त्या ६४१ घरांनी नमुने दिले नसते तर हे कळलं नसतं. भारतातल्या मुलांच्या गाठी अशा अभ्यासांत फार कमी असतात, म्हणून तुम्ही दिलात तर मला मनापासून आनंद होईल.

सही करण्याआधी विचारा: निदानासाठी लागणारा भाग आधी बाजूला काढून ठेवला आहे ना? मुलीचं नाव काढून सांकेतिक नंबर लावणार ना? नमुना परदेशी जाणार का? रक्तही तपासणार असतील तर त्यात काही आनुवंशिक सापडल्यास आम्हाला कळवणार का? आणि नंतर मन बदललं तर माघार कशी घ्यायची?

एकट्या तुमच्या सहीवर ते पुढे जाऊ शकत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे बारा वर्षांपुढच्या मुलांची स्वतःची लेखी संमती लागते. तिच्यासाठी सोप्या मराठीतला वेगळा कागद मागून घ्या, तिला शांतपणे वाचू द्या, आणि तिचे प्रश्न तिलाच डॉक्टरांना विचारू द्या.